कॅमेरा घेण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला, किंवा कुणा मुलाला पहिली नोकरी लागली, की आमच्या धर्मग्रामातील घराघरांतून एक प्रश्न हमखास डोके वर काढतो : कॅमेरा कोणता घ्यावा? सेमिनरीत असल्यापासून आम्हाला हा छंद जडलेला असल्यामुळे तो प्रश्न बहुधा आमच्या पायरीपर्यंत येतो. विचारणारा मुलगा उत्साहात असतो, सोबत आलेले वडील काळजीत. मुलाच्या तोंडी कंपन्यांची नावे असतात, वडिलांच्या डोक्यात मासिक हप्त्याचा आकडा. दोघांनाही उत्तर हवे असते ते एका नावाचे. आम्ही मात्र नाव सांगत नाही. त्याआधी मुलाकडून थोडी मेहनत करवून घेतो. ती कोणती आणि कशासाठी, हे येथे मांडावे असा विचार आहे.

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी. तिच्या एका बाजूला प्रकाश आत घेणारे भिंग, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश झेलणारा पृष्ठभाग आणि मध्ये क्षणभर उघडून मिटणारा पडदा. पॅरिसच्या दागेरने १८३९ साली आपली रीत जगापुढे ठेवली तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे. या नवलाची भुरळ भल्याभल्यांना पडली. पुढे पोप तेरावे लिओ झालेल्या कार्डिनल पेच्ची यांनी १८६७ साली छायाचित्रणाच्या कलेवर चक्क लॅटिन कविता रचली होती. प्रकाश झेलणारा पृष्ठभाग पूर्वी फिल्मचा असे, आता त्या जागी सेन्सर आला आहे. बाकी सारे प्रकार या एकाच पेटीची लहानमोठी रूपे आहेत, हे ध्यानी घेतले की दुकानातील निम्मी भीती नाहीशी होते.

हे प्रकार थोडक्यात पाहू. पहिला कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहेच, तो मोबाइलमधला. त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहून लहान असतो, पण आतले गणित इतके हुशार झाले आहे की भर उजेडात त्याचे चित्र कुणालाही समाधान देईल. दुसरा खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. मोबाइलने त्याची जागा बव्हंशी घेतली. तिसरा ब्रिज कॅमेरा : भिंग एकच, बदलता न येणारे, पण फार दूरचे जवळ आणणारे. चौथा डीएसएलआर. यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो आणि ‘खटक्’ असा तो परिचित आवाज येतो. पाचवा मिररलेस, म्हणजे आरसा काढून टाकलेला. पॅनासॉनिकने २००८ साली या जातीचा जी-वन हा कॅमेरा आणला आणि हळूहळू वारे त्या दिशेने फिरले. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. मिररलेसमध्ये डोळ्यापुढे लहानसा पडदा असतो, त्यावर चित्र किती उजळ वा काळपट येणार ते आधीच दिसते. शिकणाऱ्याला याचा मोठा आधार होतो. मात्र त्याची बॅटरी लवकर संपते.

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत होते ती मेगापिक्सेलच्या आकड्याने. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचे चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते. आज कोटींच्या गोष्टी चालतात. पण हिशोब करून पाहा. आल्बममध्ये लावतो त्या सहा बाय चार इंची फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, जेमतेम २२ लाख ठिपके पुरतात. १२ बाय ८ इंचांचा, भिंतीवर लावण्याजोगा फोटो हवा असेल तर सुमारे ८६ लाख. अर्थात २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा सोडून केवळ आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे नवशिक्याला काही कारण नाही. महत्त्व आहे ते सेन्सरच्या आकाराचे. जुन्या फिल्मएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा असेल तर त्याला फुल फ्रेम म्हणतात. त्याचा नवा कॅमेरा लाखाच्या आसपास वा त्यापुढेच जातो. त्याहून लहान, सुमारे २३ बाय १५ मिलिमीटरचा एपीएस-सी. शिकणाऱ्याला हा भरपूर झाला.

आता त्या मेहनतीविषयी. आमच्या लहानपणी शेजारच्या घरी आग्फाचा क्लिक थ्री होता, बडोद्यास तयार होणारा. त्याच्या एका रोलवर बारा फोटो निघत. सण, बाप्तिस्मा, नव्या विहिरीचे पाणी, सारे त्या बारांत बसवायचे. त्यामुळे बोट दाबण्यापूर्वी माणूस चार पावले पुढेमागे होई, सूर्य कुठे आहे ते पाही, मुलांना उन्हाकडे तोंड करून किती वेळ उभे करावे याचा विचार करी. ती काटकसर हीच शाळा होती. म्हणून कॅमेरा मागायला आलेल्या मुलाला आम्ही सांगतो : तीन महिने दर रविवारी हातातल्या मोबाइलवर फक्त बारा फोटो काढ. तेरावा नाही. संध्याकाळी ते पाहा आणि जो बिघडला तो का बिघडला, हे वहीत एका ओळीत लिही. तीन महिन्यांनी ती वही घेऊन ये.

ही वहीच कॅमेरा निवडते. ‘चर्चमध्ये अंधार होता, हलले’ असे पुन्हा पुन्हा लिहिलेले आढळले तर त्याची अडचण प्रकाशाची. त्याला मोठा सेन्सर आणि रुंद तोंडाचे भिंग हवे. कॅमेऱ्यासोबत मिळणारे नेहमीचे झूम भिंग जवळ ओढले की त्याचे तोंड एफ ५.६ इतके अरुंद होते. पन्नास मिलिमीटरचे एफ १.८ चे भिंग तुलनेने स्वस्त असूनही त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. ‘भुईगावच्या किनाऱ्यावरचे पक्षी ठिपक्याएवढे आले’ अशी तक्रार असेल तर अडचण अंतराची. त्याला ब्रिज कॅमेरा किंवा लांब पल्ल्याचे भिंग. ‘धावणारी मुले पुसट आली’ असेल तर पडद्याचा वेग हाताने ठरवता येईल असा कॅमेरा हवा. आणि वही पहिल्या महिन्यानंतर कोरी राहिली असेल तर? मग त्या घराचे पैसे वाचले. कपाटात पडून राहणाऱ्या कॅमेऱ्याइतका महाग कॅमेरा दुसरा नाही.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी आपल्या मुलासह आले होते. भाजीच्या उत्पन्नावर घर, आणि मुलाने फुल फ्रेम कॅमेऱ्याचा हट्ट धरलेला. “फादर, हप्ते फेडू आम्ही, पण पोराचं मन मोडायला नको,” असे ते म्हणाले. त्यांचा स्वर ऐकून आम्हाला वाईट वाटले. मुलाने वही लिहिली. त्यातील बहुतेक ओळी अंधाराविषयीच्या होत्या, कारण त्याची आजी ओटीवरून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून परसात अशी दिवसभर फिरे आणि हा तिच्या मागे. शेवटी वापरलेला डीएसएलआर आणि ते पन्नासचे भिंग एवढ्यावर भागले. हप्त्याची गरज पडली नाही. लाल लुगड्यातील, सुकेळी उलथणाऱ्या त्या आजीचा फोटो आता त्यांच्या घरी भिंतीवर आहे. आजीबाई हयात आहेत आणि “मी एवढी म्हातारी झाले का रे?” असे अधूनमधून नातवाला विचारतात.

वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. पडदा किती वेळा उघडला आहे, हे विचारावे. भिंगातून उजेडाकडे पाहून आत बुरशीचे जाळे नाही ना, याची खात्री करावी. निकॉनच्या स्वस्त डीएसएलआरना स्वतःची फोकसची मोटार नसते, त्यामुळे काही जुनी भिंगे त्यांवर आपोआप फोकस होत नाहीत. शिवाय आपला मुलूख समुद्राकाठचा. पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा चामडी पिशवीत ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, एवढी तजवीज पुरते. ती दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढण्याच्या सवयीने अधिक पुरते.

हे सर्व आम्ही इतक्या आग्रहाने लिहितो आहोत याला एक कारण आहे. अंत्यविधीची तयारी करताना घरच्यांकडे आम्ही मृत व्यक्तीचा फोटो मागतो. तेव्हा अनेक घरांत जी धावपळ उडते ती पाहवत नाही. चार मोबाइल पुढे येतात, त्यांत हजारो चित्रे असतात : जेवणाची ताटे, सहली, वाढदिवसाचे केक. आईचा एकटीचा, नीट उजेडातला फोटो मात्र सापडत नाही. अखेर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढतात, किंवा आधार कार्डावरचा भेदरलेला चेहरा मोठा करून आणतात. ज्या माउलीने पन्नास वर्षे घर उजळले तिचे एवढेच चित्र मागे राहावे, ही गरिबी पैशांची नाही. त्या घरात कॅमेरे होते, कुणी थांबून पाहिले नव्हते.

म्हणून पालकांना आमची विनंती अशी : मुलांचा हट्ट मोडू नका, पण तो वहीच्या वाटेने जाऊ द्या. आणि मुलांना सांगणे असे की, कॅमेरा कोणताही येवो, पहिला फोटो घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा काढा. त्यांना आधी विचारा, दाराजवळ आणून बसवा, म्हणजे बाजूने मऊ उजेड येईल. पाच मिनिटे त्यांच्याशी बोला आणि मग बटण दाबा. तो फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका. स्टुडिओत जाऊन त्याची कागदावर प्रत काढा, मागे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. याला खर्च चहाच्या दोन कपांएवढा येतो.