कानातला

हेडसेट दिसायला अगदी साधा. कानांवर दोन काळ्या गाद्या, गालावरून ओठांपर्यंत आलेली बारीक दांडी, टोकाला फोमची टोपी घातलेला माइक. वायर टेबलावरच्या लहानशा पेटीत जाते. त्या पेटीवर खोकल्याचं बटण असतं. ते दाबून धरलं की समालोचक खोकला तरी घराघरांत ऐकू जात नाही. दुसरं बटण दाबून बोललं, तर ते फक्त मैदानाबाहेर प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनमध्ये बसलेल्या डिरेक्टरला ऐकू जातं.

आपण ओळखतो ते याच्या तोंडाला. याचा खरा स्वभाव कळतो तो कानांत. समालोचक वाक्याच्या मध्यावर असतो आणि हा हळूच सांगतो: रिप्ले येतोय, पुढच्या ग्राफिकवर बोला, षटक संपलं की जाहिरात. वाक्य न तोडता दुसऱ्याचा आवाज आत घ्यायचा, ही मोठी कसरत आहे. या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो यासाठी.

मग हे जे बोलतात ते यांचं, की कुणीतरी पढवलेलं? चहाच्या टपरीवरसुद्धा हा वाद निघतो. मतं कुणी लिहून देत नाही, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. तेवढा वेळच नसतो. 2 एप्रिल 2011 च्या रात्री वानखेडेवर धोनीचा षटकार उडाला तेव्हा रवी शास्त्रींच्या तोंडून जे निघालं, ते कानातल्याने सांगितलेलं असणं शक्य नाही. चेंडू हवेत असताना कोण कुणाला मजकूर सांगणार?

लिहून दिलेले शब्दही असतात, पण ते लपत नाहीत. आयपीएलच्या पहिल्या काही वर्षांत षटकाराला 'डीएलएफ मॅक्सिमम' म्हणायचं आणि झेलाला 'कार्बन कमाल कॅच'. कसोटीत हजारो धावा केलेली माणसं ते म्हणत होती आणि ऐकताना वाईट वाटायचं. तरी त्यात फसवणूक नव्हती. पैसे कुणाचे ते शब्दातच होतं.

गोची होते ती न बोललेल्या गोष्टींपाशी. या हेडसेटला मालक असतो. 2011 मध्ये बातमी आली की गावसकर आणि शास्त्री भारतीय क्रिकेट मंडळाशी कराराने बांधलेले आहेत, रक्कम वर्षाला प्रत्येकी 3.6 कोटी. ज्या मंडळाच्या कारभारावर बोलायचं, पगारही त्याचाच. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला तेव्हा इयन चॅपल यांनी समालोचनाचं काम नाकारलं, कारण संघनिवड, डीआरएस (पंचांचा निर्णय तंत्रज्ञानाने तपासण्याची पद्धत) आणि मंडळाचा कारभार हे तीन विषय वर्ज्य होते. भारताने डीआरएस स्वीकारली ती नोव्हेंबर 2016 मध्ये, इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत. तोवर पायचीतचा धडधडीत चुकीचा निर्णय रिप्लेत दिसायचा, आणि 'तंत्रज्ञान का नाही?' हा साधा प्रश्न समालोचकांच्या बॉक्समध्ये कुणी रेटून विचारायचं नाही.

कुंपण कुठे आहे हे दरवेळी सांगावं लागत नाही. 2016 च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना समालोचनातून वगळलं; का, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं त्यांनीच जाहीर लिहिलं. 2019 च्या विश्वचषकात संजय मांजरेकर यांनी जडेजाला तुकड्यातुकड्यांचा ('बिट्स अँड पीसेस') खेळाडू ठरवलं. उपांत्य सामन्यात जडेजाने 59 चेंडूंत 77 धावा ठोकल्या आणि मांजरेकर यांनी मोकळेपणाने दाद दिली. मत चुकलं, पण ते त्यांचं होतं. मार्च 2020 मध्ये मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून त्यांचं नाव गळलं. पुढे त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं: आखून दिलेल्या नियमांत राहीन, आयपीएलसाठी परत घ्या. ते वर्तमानपत्रांत छापून आलं. ते वाचून मला त्या माणसाचा राग आला नाही. पोटापाण्याचा प्रश्न आहे. मला राग आला तो त्या नियमांचा. ज्याला खेळातलं कळतं त्याला असं पत्र लिहावं लागावं, हे खेळाच्या दृष्टीने फार वाईट आहे.

एक पत्र छापून आलं, पण बॉक्समधल्या बाकीच्यांनी त्यातून काय धडा घेतला, ते पडद्यावर कुठे दिसणार? म्हणून मी हल्ली शब्दांपेक्षा वगळलेले विषय ऐकतो. भरात असलेला फलंदाज संघाबाहेर बसलेला असतो, कॅमेरा त्याच्यावर जातो, आणि समालोचक त्याच्या जुन्या खेळींवर बोलतो. त्या खेळींबद्दलचं कौतुक शंभर टक्के खरं असतं. त्याला बाहेर का बसवलं, तो विषय मात्र कुणी काढत नाही.

आता हेडसेट मराठीही बोलतो. 2023 च्या आयपीएलमध्ये मोबाइलवर केदार जाधव, किरण मोरे, धवल कुलकर्णी ऐकायला मिळाले. आपल्या भाषेत 'टप्पा चुकला' ऐकताना बरं वाटतं, आणि त्याच भाषेत 'निवड चुकली' हेही ऐकायचं आहे. निदान सामना सुरू होताना समालोचकांची नावं पडद्यावर येतात, त्यांच्याखाली एक ओळ वाढवावी: यांचं मानधन मंडळ देतं की वाहिनी.