सणाच्या आधीचे शनिवार

प्रिय सेल्फ हेल्प ग्राफिक्स,



तू लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स वस्तीतली कलासंस्था. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुझा 'दिया दे लोस मुएर्तोस', म्हणजे मृतांचा सण, असतो तेव्हा अख्खं शहर लोटतं. कवटीसारखे रंगवलेले चेहरे, मृतांच्या आठवणीत मांडलेल्या वेद्या, गाणी. त्या दिवसाचे फोटो जगभर जातात. मला मात्र लिहायचंय त्याच्या आधीच्या शनिवारांबद्दल, कारण तुझं खरं मोठेपण मला तिथे दिसलं.

त्या शनिवारी लांब टेबलांवर टिश्यू पेपरचे गठ्ठे पडलेले असतात. पाच-सहा कागद एकावर एक ठेवायचे, पट्ट्यापट्ट्यांनी घडी घालायची, मधोमध तारेने आवळायचं आणि मग एकेक पापुद्रा हलक्या हाताने वर ओढायचा. घाई केली की कागद फाटतो. असा वेदीवर वाहायचा कागदी झेंडू तयार होतो. (खरा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आमच्या दसऱ्याच्या तोरणात तो सातासमुद्रापलीकडून आलाय.) माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा पुठ्ठ्याचा ट्रक बनवत होता. त्याचे आजोबा ट्रक चालवायचे, म्हणून वेदीवर ट्रक हवा. चाकं त्याने पटकन चिकटवली आणि नंबरप्लेटपाशी अडला. नंबर आठवेना. आईला फोन लावला, आईने मामाला विचारलं, आणि त्या सात अक्षरांसाठी घरात कितीतरी दिवसांनी आजोबांचा विषय निघाला. कुणी त्याला पूर्वजांचं स्मरण कसं करावं यावर भाषण दिलं नव्हतं. समोर पुठ्ठा, डिंक आणि भरपूर वेळ ठेवला होता, एवढंच.

हे तुझ्या रक्तातच आहे. 1970 साली, ज्या वर्षी ईस्ट एलएमध्ये चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, मोर्चावर पोलीस तुटून पडले आणि पत्रकार रुबेन सालाझार मारले गेले, त्याच सुमारास सिस्टर कॅरन बोकालेरो या फ्रान्सिस्कन धर्मभगिनीने कार्लोस बुएनो आणि अंतोनियो इबान्येझ या मेक्सिकन कलाकारांबरोबर एका गॅरेजमध्ये छपाई सुरू केली. इथल्या मेक्सिकन वस्तीत मृतांचा सण तेव्हा असा रस्त्यावर साजरा होत नव्हता. तो तुम्ही चौकात आणलात, एव्हरग्रीन दफनभूमीपासून मिरवणूक काढलीत. 1975 मध्ये तर एका मोठ्या व्हॅनमध्ये साहित्य भरून तू थेट शाळांच्या आणि गल्ल्यांच्या दारात गेलीस. ज्यांना तुझ्यापर्यंत येणं जमत नव्हतं त्यांच्यापर्यंत स्वतः जायचं, ही बुद्धी फार थोड्या संस्थांना होते.

आणि तुझा छापखाना! सिस्टर कॅरन या स्क्रीन प्रिंट करणाऱ्या चित्रकार कोरिटा केंट यांच्या विद्यार्थिनी, त्यामुळे या छपाईवर त्यांचा जीव. पुण्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या कुणालाही ते तंत्र दाखवावं लागणार नाही. चौकटीवर ताणलेली जाळी, रबरी पट्टीने ओढलेली शाई, प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. दुसरा रंग पहिल्यावर केसभरही सरकता कामा नये. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रोंक या चित्रकारापासून सुरुवात करून तू चित्रकारांना कसबी छपाईवाल्याबरोबर बसवू लागलीस. छापलेल्या प्रतींतला काही वाटा चित्रकाराचा, काही तुझा. तुझ्या वाट्याच्या प्रती विकून संस्थेला हातभार लागायचा. ज्या चित्रकारांना शहरातल्या बड्या गॅलऱ्या दारात उभं करत नव्हत्या, त्यांची चित्रं या वाटेने साध्या घरांच्या भिंतींवर गेली आणि पुढे संग्रहालयांतही.

सण आता सगळ्यांचाच झालाय. प्लास्टिकच्या कवट्या कुठल्याही दुकानात मिळतात. 2013 मध्ये डिस्नेने या सणाच्या नावावर ट्रेडमार्क मागितला होता. लोक खवळले तेव्हा अर्ज मागे घेतला. अशा काळात त्या कागदी झेंडूच्या टेबलाचं मोल मला आणखी जाणवतं.

पण टेबल मांडायला जागा लागते. सेझर चावेझ अ‍ॅव्हेन्यूवरची तुझी इमारत, एदुआर्दो ओरोपेझा या कलाकाराने फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेली, जिच्या सभागृहात 1980 मध्ये व्हेक्स क्लबचं पंक संगीत दणाणलं, ती 2008 मध्ये मालकांनी विकली. तीन दशकांचं घर होतं ते. 2011 मध्ये तू फर्स्ट स्ट्रीटवर आलीस आणि 2018 मध्ये ती वास्तू स्वतःच्या नावावर केलीस. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. आम्ही मराठी मंडळी परदेशात गणपती-दिवाळी हौसेने करतो, पण शाळेचं सभागृह तासांवर घेऊन. कार्यक्रम संपला की खुर्च्या रचायच्या आणि किल्ली परत. मुलं स्टेजवर नाचतात, टाळ्या मिळतात. पण मखर कापायला, पताका चिकटवायला चार शनिवार हातात नसतात. माझ्या मते आमच्या मंडळांनी देणग्यांतला पहिला पैसा स्वतःच्या जागेसाठी बाजूला काढावा.

तुझ्या भोवतालची भाडी मात्र चढतायत. दशकभरापूर्वी बॉइल हाइट्समध्ये नव्या गॅलऱ्यांविरुद्ध आंदोलन पेटलं, कलेच्या आडून वस्तीतल्या लोकांना हुसकावलं जातंय असा आरोप झाला, आणि तुझ्याकडेही बोटं वळली. तू या वस्तीतलीच, म्हणून तो आरोप तुला जास्त लागला असणार. तरी त्या लोकांचं भय खरं आहे. घर सुटलं की तो ट्रकवाला मुलगा दोन तासांवरच्या गावात जाईल, आणि मग शनिवारी त्या टेबलाशी फक्त बाहेरून गाडीने आलेले, माझ्यासारखे, बसतील.

म्हणून एकच मागणं. पुन्हा ती साहित्याची गाडी काढशील तेव्हा ती त्या दूरच्या गावांकडेही जाऊ दे, जिथे बॉइल हाइट्समधून उठलेली कुटुंबं राहायला गेलीत. आणि आठवड्यातून एक वर्ग रात्री उशिरा ठेव. शनिवारीही कामावर असणाऱ्या आईबापांनाही झेंडू करायचे असतात.

तुझी,
शनिवारची एक पाहुणी