लेकीचा नंबर दुसऱ्याच नावावर

लेक तिसरीत असतानाची गोष्ट. मुसळगाव एमआयडीसीतली ड्यूटी संपवून मी सिन्नरला परतत होते, तेवढ्यात वर्गशिक्षिकेचा फोन आला. ‘‘ताई, मुलीचं आधार व्हॅलिड होत नाहीये. तोच नंबर दुसऱ्या शाळेत कुणाच्या तरी नावावर चढलाय.’’

माझ्या पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून जन्मदाखला, आधार आणि अर्ज घेऊन पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेले. नंतरही खेटे घालावे लागले, तेव्हा कुठे ती नोंद निघाली. नंबर तिथे गेला कसा, हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही.

शाळा नंबर मागतात, त्यामागे कारण आहे. २०११ च्या ऑक्टोबरमधल्या पटपडताळणीत राज्यात सुमारे २० लाख विद्यार्थी फक्त कागदावरच असल्याचं उघड झालं होतं. आता शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी आधार जुळलेला पट धरतात. त्यामुळे शिक्षकांमागे सतत तगादा असतो. बोगस नावं रोखण्यासाठी घेतलेला नंबर सांभाळलाही तितक्याच काटेकोरपणे गेला पाहिजे.

तसं होत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आधारचा फोटो टाका’ असा निरोप येतो आणि बघता बघता मुलांची नावं, जन्मतारखा, पत्ते, नंबर सगळ्यांच्या मोबाइलवर जाऊन पडतात. एका झेरॉक्सच्या दुकानात तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर मुलांच्या नावानिशी ई-आधारच्या फायली तशाच पडलेल्या पाहिल्या. त्यांचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. निम्मा पासवर्ड फाइलच्या नावातच होता!

मोठ्या माणसाच्या नावावर कुणी सिम किंवा कर्ज घेतलं, तर आज ना उद्या कळतं. लहान मुलाचा नंबर मात्र वर्षानुवर्षं कुणी तपासतच नाही. म्हणून आता मी ग्रुपवर काहीच टाकत नाही. शाळेत कार्ड घेऊन जाते, समोर नोंद करून घेते. क्लासवाल्यांनी मागितलं, तर आधी कशासाठी ते विचारते आणि शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देते. दुकानात प्रिंट काढली, की फाइल माझ्यासमोर डिलीट करायला लावते. लेकीचं बायोमेट्रिक लॉक केलंय आणि नंबर कुठे वापरला गेला, ती हिस्टरी अधूनमधून बघते.

आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा शाळाप्रवेश अडवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. तेव्हा ‘कशाला हवंय?’ असं विचारताना संकोच करू नका. शंका आली तर आधारसाठी १९४७ वर आणि पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा. मुलांना अजून सही करता येत नाही. त्यांच्या नावाची राखण आपल्यालाच करायची आहे.