बंगळूर पोस्टिंग : उलटी वायर

फौजेत पीस स्टेशन मिळालं की प्रत्येक जण आयुष्यात राहून गेलेलं एखादं काम हातात घेतो. कुणी गोल्फ शिकतो, कुणी मुलांच्या गणिताच्या मागे लागतो. बंगळूरला आल्यावर मी आरडी दुरुस्त करायला काढली.

आरडी म्हणजे राजदूत ३५०. यामाहाच्या डिझाइनवर एस्कॉर्ट्सने १९८३ पासून आपल्याकडे बनवलेली मोटरसायकल. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. त्या काळी बुलेट ३५० अठरा हॉर्सपॉवर द्यायची, तेव्हा ही तीसच्या आसपास द्यायची. खडकवासल्याला कॅडेट असताना लिबर्टीवर पुण्यात गेलो की अशी एखादी दिसायची. सायकल हातात धरून चालणाऱ्या कॅडेटला ती स्वप्नातच परवडणार.

गाडीचं कार्ब्युरेटर आणि बोअरचं काम जे. सी. रोडजवळच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने केलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. इग्निशन मात्र मी स्वतः बदललं. मूळ गाडीत सीबी पॉइंट असतात, प्रत्येक सिलिंडरला एक. ते झिजतात आणि टायमिंग हलतं. या इंजिनात पिस्टन वरच्या टोकापासून सुमारे दोन मिलिमीटर खाली असताना ठिणगी पडायला हवी, म्हणजे क्रँकचे साधारण वीस अंश आधी. सहा हजार आरपीएमला क्रँक सेकंदात शंभर वेळा फिरतो. तेव्हा एक अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे छत्तीस हजारावा भाग. म्हणून पॉइंट काढून मी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. क्रँकबरोबर फिरणारा लोखंडी दात आणि त्याच्यासमोर चुंबकाची पिकअप कॉइल. दात समोरून गेला की कॉइल मॉड्यूलला इशारा देते.

गाडी सुरू झाली, पण पाच हजारांच्या वर जीव सोडायची. टायमिंग लाइट लावला. आयडलवर खूण जागेवर, रेस वाढवली की खूण सरकायची आणि ठिणगी उशिरा पडायची. मी इंजिनिअरच्या आत्मविश्वासाने अ‍ॅडव्हान्स वाढवून टाकला. वरचं टायमिंग जमलं, खालचं बिघडलं. किक उलटी बसून नडगी काळीनिळी झाली. तरी एका रविवारी हेब्बाळ ओलांडून नंदी हिल्सपर्यंत जाऊन आलो. परत येऊन प्लग काढले, तर पांढऱ्या पोर्सेलिनवर चांदीसारखे बारीक ठिपके. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं.

चाचांनी प्लग उजेडात धरला. म्हणाले, "पिस्टन पिघल रहा है साब. पिकअप का वायर उल्टा तो नै ना?"

मी म्हणालो, "डायग्राम बघून जोडलंय. तुमचा जेट लहान आहे, पेट्रोल कमी पडतंय." ते काही बोलले नाहीत. मी गाडी उचलून आणली आणि त्याच संध्याकाळी मेसमध्ये दोन कॅप्टनना सांगितलं, त्या गल्लीत गाडी देऊ नका.

पुढचे तीन रविवार जेट बदलण्यात गेले. प्लग काजळले, दोष तसाच.

मग एक दिवस रेंजवर जवानांचं झिरोइंग चाललं होतं. फौजी वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. गोळ्या विखुरलेल्या असतील तर उस्ताद जवानाची पकड आणि श्वास बघतो. गोळ्या एकत्र पण केंद्रापासून दूर असतील तर जवानाला बोलत नाही, साइट फिरवतो. आधी ग्रुप बघायचा, मग दोष कुणाचा ते ठरवायचं. टार्गेटकडे बघताना मला टायमिंग लाइटखालची खूण आठवली. तिचा ग्रुप मी कधी वाचलाच नव्हता.

खूण एका जागी स्थिर पण चुकीची असेल, तर पिकअपची प्लेट फिरवायची. खूण थरथरत असेल, तर दात आणि पिकअपमधलं अंतर बघायचं, प्लगला रेझिस्टर कॅप आहे का बघायचं, पिकअपची वायर प्लगच्या वायरपासून लांब न्यायची. आणि खूण वेगाबरोबर सरकत असेल, तर इशाराच चुकीच्या जागी पकडला जातोय. कार्ब्युरेटर यांतलं काहीच करू शकत नाही. पेट्रोल कमी असो की जास्त, त्याने खूण हलत नाही. चाचांना निर्दोष ठरवणारा पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्या हातातल्या लाइटमध्ये होता.

दात जवळ येताना कॉइलमधलं व्होल्टेज चढतं. दात बरोबर समोर आला की ते झटक्यात शून्यातून खाली उतरतं, आणि दात लांब गेला की सावकाश शून्यावर परततं. मॉड्यूलने मधला तीव्र उतार पकडायचा असतो, कारण वेग कितीही असो, तो क्रँकच्या एकाच जागी येतो. वायर उलट्या असल्या की उताराच्या जागी चढ येतो आणि मॉड्यूलला उतार सापडतो तो शेवटच्या, आळसावलेल्या भागात. वेगाबरोबर व्होल्टेज वाढतं आणि ती जागा पुढे पुढे सरकते.

त्या रात्री जुना काट्याचा मीटर पिकअपला लावला आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर झटकन जवळ नेला. काटा उजवीकडे उडायला हवा होता, तो डावीकडे उडाला. डायग्राम कनेक्टरच्या वायरच्या बाजूने काढलेला होता, मी तो तोंडाच्या बाजूने वाचला होता. दोन पिना अदलाबदल केल्या, टायमिंग पुन्हा बसवलं. आयडलपासून सहा हजारांपर्यंत खूण दगडासारखी स्थिर.

दुसऱ्या दिवशी आधी दोन्ही कॅप्टनना गाठलं. एक जण ओशाळून म्हणाला, "सर, मी तर आणखी चार जणांना सांगितलंय."

संध्याकाळी जे. सी. रोडला गेलो. वायर उलटी होती, चूक माझी होती, आणि मेसमध्ये तुमच्याबद्दल काय बोललो, तेही सांगितलं. शेवटचं वाक्य बोलायला वेळ लागला. चाचांनी हात पुसले आणि एवढंच विचारलं, "पिस्टन बचा?" मग सिलिंडर हेड उघडून स्वतः पाहिलं. डाव्या पिस्टनच्या कडेला खड्डे पडले होते. बदलायला लागला.

माझ्या सहीने लोकांच्या बढत्या होतात आणि अडतात. वर्षाकाठी कितीतरी जणांबद्दल दोन-दोन ओळी लिहितो. त्यांतल्या किती मी कनेक्टरच्या चुकीच्या बाजूने वाचून लिहिल्या असतील, हा प्रश्न आता फाइल उघडताना आधी येतो.

गाडी दुसऱ्या किकला सुरू होते. नडगीवरचा डाग गेला. त्या चार जणांपैकी दोघे दुसरीकडे पोस्टिंगवर गेलेत. त्यांच्यापर्यंत मी अजून पोचलेलो नाही.