कागदाबाहेरचा बिंदू

"चित्र छान आहे रे, पण वाडा अंगावर येतो," आक्का म्हणाली आणि चित्रकला शिकविण्यात जन्म घालविल्याचा आमचा ताठा त्या एका वाक्याने उतरला.

रावपुऱ्यातील आमचा वडिलोपार्जित वाडा १९९८ साली पाडला गेला. त्याचे एकच छायाचित्र घरात उरले. तळहाताएवढे, आणि डावी कड कसरीने खाल्लेली. त्यावरून चित्र काढून आपल्या पलंगासमोर टांगावे, ही ८५ वर्षांच्या आक्काची इच्छा. एरवी ती कोणाकडे काही मागत नाही. आम्ही आठवडाभर खपून ३० सेंटिमीटर रुंदीच्या कागदावर वाडा उभा केला आणि त्याचे हे फळ! पण मग आक्काने एक गंमत केली. जाड भिंगांचा चष्मा काढून तिने कागद अगदी नाकाशी नेला आणि म्हणाली, "असा धरला की आपलाच वाडा. लांब नेला की ओटला धावून येतो बघ." (आपण बडोदेकर ओट्याला ओटलाच म्हणतो, हे वाचकांना सांगावयास नको.)

आम्हांला प्रथम हसू आले. रात्री हिशेब मांडला तेव्हा मात्र आक्का अगदी शास्त्रशुद्ध बोलली होती, असे दिसून आले.

मांडवीच्या कमानीखाली उभे राहून लहेरीपुरा दरवाजाकडे पाहिले, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांची दुकाने आकसत आकसत एका ठिकाणी मिळू पाहतात. चित्रकलेत त्या ठिकाणाला लोपबिंदू म्हणतात. इमारत कोपऱ्याकडून पाहिली तर काटकोनातील दोन भिंतींचे दोन लोपबिंदू, आणि दोन्ही पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर. शाळेतील बाके लहान, कागद त्याहून लहान. म्हणून आम्ही वर्षानुवर्षे मुलांना दोन्ही बिंदू कागदाच्या कडांवरच धरावयास शिकविले. आता भूमितीचा नियम असा, की चित्राच्या मध्यापासून या दोन बिंदूंची अंतरे एकमेकांनी गुणिली, म्हणजे डोळा चित्रापासून जेवढा दूर हवा त्या अंतराचा वर्ग मिळतो. दोन्हीकडे १५ सेंटिमीटर धरले, तर डोळाही १५ सेंटिमीटरवरच हवा! आमचे चित्र खरे दिसावयाचे ते नाक टेकविणाऱ्याला. किती विद्यार्थ्यांना आम्ही असे नाक टेकावयास लावले असेल, कोण जाणे.

छायाचित्र त्याच मापाचे करून त्यातील रेषा लांबविल्या. उजवा बिंदू कागदाच्या कडेशीच, १५ सेंटिमीटरवर मिळाला. डावा काही मिळेना. रस्त्याकडची लांब भिंत जवळजवळ समोरून दिसत होती. तिची वळचण आणि तिचे जोते यांच्या रेषा इतक्या मंद उतारांनी जवळ येत होत्या, की पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक झाली तरी बिंदू वीतभर सरके. अखेर तो ११० सेंटिमीटरवर ठरला. गुणाकार १६५०, म्हणजे डोळ्याचे अंतर ४० सेंटिमीटरांहून किंचित अधिक. चित्र तिप्पट मोठे केले की हे अंतरही तिप्पट होते. पलंगासमोर टांगावयास हे ठीक.

पण ११० सेंटिमीटरवरच्या बिंदूकडे रेषा ओढावयाची कशी? आमचे गुरुजी फळा जमिनीवर ठेवून दूर खिळा ठोकीत आणि त्याला दोरा बांधून फिरवीत. इंग्लंडात पीटर निकलसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन टाचण्यांना टेकून फिरणारी तीन दांड्यांची पट्टी खास याच कामासाठी बनविली होती. आम्ही खिळा-दोरा करून पाहिला. गुडघ्यांनी नकार दिला.

तेव्हा आमची नात संगणक घेऊन बसली. 'क्रिता' नावाची चित्रकलेची विनामूल्य आज्ञावली तिच्याकडे आहे. तिने पडद्यावरचा कागद इतका लहान केला, की तो टपालाच्या तिकिटाएवढा दिसू लागला आणि सभोवती नुसते करडे मैदान पसरले. त्या मैदानात, कागदाच्या खूप बाहेर, तिने लोपबिंदू ठेवला. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने तो चित्राच्या मध्यापासून सुमारे १३,००० ठिपके दूर पडला. संगणकाला त्याचे काहीच वाटले नाही. दुसरा बिंदू उजवीकडे, त्याच पातळीवर. "आजोबा, पातळी ढळली तर घर कलंडेल हं," असे तिने आम्हांलाच बजावले. पुढे कुंचल्याला त्या बिंदूंशी बांधून घेतले, की थरथरत्या हातानेही रेषा निघते ती थेट बिंदूच्या दिशेने. आमचा हात अलीकडे थरथरतो, हे तिने न बोलता ओळखले होते.

वाडा हळूहळू मागे सरला. ओटला जागेवर बसला.

राहिली ती कसरीने खाल्लेली डावी बाजू. दूरच्या बिंदूकडे जाणाऱ्या रेषांनी तेथल्या खिडक्यांची उंची सांगितली. आयताचे कर्ण काढून पुढच्या खिडकीची जागाही काढता येते. त्याप्रमाणे आम्ही तीन खिडक्या काढल्या. वास्तविक तेथे किती होत्या हे कोणतीही रेषा सांगत नाही, आणि आम्हांलाही ते आठवत नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे.

चित्र छापून पलंगासमोर टांगले. आक्का चष्मा लावून, पलंगावर टेकून पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग बोट उचलून मोजू लागली.

"चौथी कुठे आहे? आई दुपारी जिथे तांदूळ निवडत बसायची ती? तिचं एक दार कायम लावलेलं असायचं, बिजागरी मोडली होती म्हणून."

नातीने संगणक पुन्हा उघडला.