रूथ

मुलीचे नाव ठेवताना आपण त्याचा अर्थ हौसेने विचारतो; ज्या स्त्रीचे ते नाव, ती पोट कसे भरीत होती हे सहसा कोणी विचारीत नाही. यवतमाळच्या ख्रिस्ती घरांत रूथ हे नाव मी अनेकदा ऐकले आहे. कानाला ते परके वाटते खरे. पण त्यामागची कथा आमच्या जिल्ह्याला मुळीच परकी नाही.

या नावाचा रूढ अर्थ सखी. तालमुदातील पंडितांनी त्याचा संबंध तृप्तीशी जोडला. कारण रूथचा पणतू दावीद राजा, आणि त्याने स्तोत्रांनी ईश्वरास तृप्त केले! खुद्द चार अध्यायांच्या त्या ग्रंथात मात्र तिच्या नावाची फोड कोठेच नाही. तेथे उलगडते ते सासूचे नाव. नामी म्हणजे रमणीय. पण पती व दोन्ही पुत्र गमावून बेथलेहेमास परतलेली ती बाई गावच्या बायकांस सांगते की, मला आता मारा, म्हणजे कडू, म्हणा. सुनेच्या नावाचा अर्थ तिच्या कृतीतच पाहावा लागतो. ही मवाबी विधवा माहेरी न जाता सासूबरोबर येते, परक्याच्या शेतात सातूचा सरवा वेचते आणि सायंकाळी तो सासूपुढे आणून ठेवते.

सरवा! मराठी बायबलातील हा अस्सल कुणबाऊ शब्द मला फार मोलाचा वाटतो. शेताचे कानेकोपरे कापू नयेत, मागे राहिलेले परदेशी, अनाथ व विधवा यांसाठी असू द्यावे, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. तेव्हा रूथ भीक मागत नव्हती, हक्काचे वेचीत होती. तथापि तो हक्क पदरी पडण्यास तिलाही शेतधन्याची कृपादृष्टी लागलीच.

यवतमाळच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या हातांत विधवांचे हात थोडे नाहीत. २०१९ साली येथे भरलेल्या ९२ व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. मानाच्या त्या व्यासपीठावर एक विधवा उभी राहिली, हे योग्यच झाले. परंतु मान देणे सोपे. शेताचा कोपरा सोडणे अवघड.

ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे, असे शेजारणी अखेर नामीस म्हणतात. मुलीचे नाव रूथ ठेवणाऱ्यांनी तिच्याकडून असल्या सख्याची अपेक्षा जरूर करावी. गावाने मात्र तिच्यासाठी सरवा राखला पाहिजे.