वैनगंगेच्या पुलावरून

घर सोडून आगगाडीत बसले की उपासनामंदिरातला आपला ठरलेला बाक मागे राहतो, आणि देवही तेथेच राहिला की काय, असे मनास वाटू लागते. भंडारा रोडहून गोंदियाकडे जाताना मला मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. 1893 च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास निघालेले टिळक याच लोहमार्गाने गेले. तेव्हा ते ख्रिस्ती नव्हते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी सौजन्याने जागा करून दिली, संभाषण केले, आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत हाती ठेवून, दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांस ते भाकीत विलक्षणच वाटले. तथापि पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते त्यांच्याने खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या भाकितापेक्षा मला ती दिलेली जागाच मोठी वाटते. त्या काळी गोऱ्या माणसाने एतद्देशीयास डब्यात आदराने बसवून घेणे ही काही नित्याची गोष्ट नव्हे! अम्माऊसच्या वाटेवर शिष्यांसही प्रभू अनोळखी वाटसरू म्हणूनच भेटला होता. म्हणून प्रवासात मी डोळे मिटून प्रार्थना करतो खरा, पण ते लवकर उघडतो. तुमसर रोडला गर्दी चढते. एखादी म्हातारी गाठोडे सावरीत दाराशी उभी असते. तिला बसवून दिल्यावर वैनगंगेचा पूल मी उभ्यानेच पाहतो.